लांबून सगळे अनोळखीच

तुम्ही कधी अपघाताच्या फोटोत, रस्त्याच्या मधोमध, जोडीनं नीट लावून ठेवलेल्या चपला पाहिल्या आहेत का? पाहिल्या असतील तर तो फोटो आमच्या बॅचमधल्या कुणीतरी काढलाय असं समजा. बहुतेक मीच.

लग्नाचे फोटो काढणाऱ्या माणसांना अपघाताचे फोटो काढायला शिकवलं की किस्से होणारच. मेमरी कार्ड भरलं तर रिकामं करता येतं, या गोष्टींचं तसं नाही. त्या डोक्यात साचत जातात. आम्ही बॅचमधले कधी वर्ध्याला चहाला भेटलो की एकानं एक काढायची, की तिच्या मागं दुसरी आपोआप निघते. हसतो आम्ही खूप. पण खरं सांगते, घडत होतं तेव्हा त्यातलं काहीच हसण्यासारखं नव्हतं. 

आमचा सेलूला लहानसा स्टुडिओ आहे. पासपोर्ट, बारसं, साक्षगंध, लग्न. माझ्या लेकीच्या, पल्लवीच्या बाबांनी तो आयुष्यभर चालवला. पुढं साखरेनं त्यांची नजर मंदावली आणि कॅमेरा हळूहळू माझ्या गळ्यात आला. माझी शाळा दहावीपर्यंतची, पण लग्नांत यांच्यासाठी लाइट धरता धरता हात बसला. आमच्याकडं अपघात झाला की पोलीस ठाण्यातून कधी कधी अशाच जवळच्या फोटोवाल्याला बोलावणं येतं. म्हणून वर्ध्याला एक ट्रेनिंग निघालं, आम्ही फोटोवाले आणि पोलीस, दोघांसाठी मिळून. हे म्हणाले, "जाजो. मले आता दिसत नाई, तुले दिसते."

मी गेले, पण भीत भीत. आमची पल्लवी सावंगीला, तिथल्या मोठ्या दवाखान्याच्या कॉलेजात, नर्सिंग शिकते. रोज सकाळी पांढरी स्कुटी काढते आणि त्याच रस्त्यानं जाते, ज्या रस्त्यावरचे फोटो मला काढायचे होते.

पहिल्याच दिवशी सरांनी प्रत्येकाला विचारलं, "या कामात तुम्हाला भीती कशाची वाटते?"

रोहण्याचे गुलाबभाऊ म्हणाले, "रक्ताची." गुलाबभाऊ माझ्या माहेरगावचे. आर्वी तालुक्यात निम्मी लग्नं त्यांनीच शूट केलेली.

रेखा मॅडम कॉन्स्टेबल. त्या म्हणाल्या, "रक्ताचं काही नाई सर. नातेवाईक येऊन रडतात ना, त्याची."

माझी पाळी आली. मी म्हटलं, "ओळखीचं निघालं तर?"

सर म्हणाले, "म्हणून आपण लांबून सुरू करतो ताई. आधी लांबून, मग मधून, मग जवळून. लांबून सगळे अनोळखीच दिसतात."

सरांचं आडनाव ढोबळे, आणि काम सगळं सेंटिमीटरचं.

*

कॅमेऱ्याला आमच्या बॅचमध्ये 'डबा' का म्हणतात, ते आधी सांगते.

ट्रेनिंगला जायला गुलाबभाऊ एसटीनं वर्ध्याला यायचे. एके दिवशी मी त्यांना फोन केला. आमच्या कॅमेऱ्याचं बटण अडकत होतं, म्हणून म्हटलं, तुमचा जुना कॅमेरा आहे का, लेन्स माझी लावेन. लेन्स नसलेल्या नुसत्या कॅमेऱ्याला आम्ही लोक बॉडी म्हणतो. हे तुम्हाला माहीत असेल. एसटीतल्या माणसांना माहीत नव्हतं.

गुलाबभाऊंचा आवाज मुळात लग्नाच्या मांडवातला. फोनवर ते म्हणाले, "हो हो ताई, बॉडी घेऊनच निघालो. दोन हायेत. एक माझी, एक तुमच्यासाठी."

मी विचारलं, "चांगल्या आहेत ना?"

"एक चांगली हाय. दुसरी जुनी हाय, थोडा वास मारते. पावसाळ्यात बंद पेटीत राहिली ना."

शेजारच्या बाई उठून उभ्या राहिल्या. पुढच्या सीटवरच्या माणसानं मांडीवरचं लेकरू पलीकडं घेतलं. कंडक्टर आला, पिशवीकडं पाहिलं आणि त्यानं सरळ घंटी ओढून गाडी थांबवली.

"काका, पिशवी उघडा."

गुलाबभाऊंना वाटलं, लगेजचं तिकीट मागतोय. ते म्हणाले, "अरे बाबा, लहानशी तर हाय. मांडीवर घेऊन बसतो."

ते ऐकून मागून एक आजीबाई रडायलाच लागल्या.

शेवटी पिशवी उघडली. दोन कॅमेरे निघाले. कंडक्टरनं घाम पुसला आणि म्हणाला, "भाऊ, पुढच्या खेपेपासून डबा म्हणत जा. गाडीत म्हातारे माणसं असतात."

तेव्हापासून डबा. "डबा आणला का?" "डब्याची बॅटरी गेली." पोलीस ठाण्यातसुद्धा आता तेच चालतं.

*

दुसरा किस्सा 'हसा'चा.

पहिलं प्रॅक्टिकल मैदानावर होतं. सरांनी एक मोटरसायकल आडवी पाडली आणि तिच्याजवळ एक डमी निजवला. जुन्या खाकी पँटीत आणि चौकड्याच्या शर्टात कापूस भरलेला, डोक्याच्या जागी पांढरं कापड बांधलेलं. कापूस आपल्याकडं काय कमी आहे. पण चांगला ठासून भरला होता. लांबून पाहिलं तर खराच वाटायचा. एक हात अंगाखाली मुडपला होता. खरोखरच्या माणसाचा मुडपावा तसा.

गुलाबभाऊ पुढं झाले. मनात धास्ती होती, पण सवय मोठी असते. त्यांनी डबा डोळ्याला लावला, एक गुडघा टेकला आणि म्हणाले, "जरा मान इकडं घ्या. हां. हसा."

 वारा होता, डमीचा शर्ट फडफडत होता.

गुलाबभाऊंचा चेहरा उतरला. त्यांनी हळूच मागं वळून सरांकडं पाहिलं. सर म्हणाले, "हसला तर मला आधी सांगा. मी घरी जाईन."

*

आता चपलांचं.

त्याच दिवशी माझी पाळी आली. डमीच्या पायात एकही चप्पल नव्हती. एक मोटरसायकलजवळ उलटी पडली होती, दुसरी पार तिकडं कडेच्या गवतात. मी लांबून फोटो काढला, मधून काढला. मग जवळ जाताना ती उलटी चप्पल दिसली. आता तुम्हीच सांगा, उलटी चप्पल दिसली की बाईमाणसाचा हात राहतो का? घरात उलटी चप्पल राहिली की भांडण होतं म्हणतात. मी ती सुलटी केली. एक सुलटी केली तर दुसरी गवतात कशाला, म्हणून ती पण आणली आणि दोन्ही जोडीनं डमीच्या पायाशी लावून ठेवल्या. फोटो छान आला.

सरांनी तो मोठ्या पडद्यावर लावला आणि विचारलं, "चपला कोणी लावल्या?"

"मी, सर. उलटी होती."

"ताई, हा माणूस चपला काढून, नमस्कार करून अपघातात गेला का?"

सगळे हसले. मी पण हसले. मग सरांनी समजावून सांगितलं आणि हसू थांबलं. धडक बसते तेव्हा माणूस पायातल्या चपलेतून निघून उडतो. बरेचदा चप्पल तिथंच पडते जिथं त्याला धक्का लागला. माणूस सापडतो दुसरीकडं. चप्पल उचलली म्हणजे तो कुठं होता हे सांगणारा साक्षीदारच उचलला. कोण आपल्या बाजूनं होता आणि कोण चुकीच्या, ते मग ज्याचा आवाज मोठा तो ठरवतो.

त्या संध्याकाळी घरी गेले तर दारात पल्लवीच्या चपला पडलेल्या. एक उंबऱ्याजवळ, एक तुळशीकडं. ती नेहमीच तशा फेकते, मी नेहमीच लावते. त्या दिवशी लावता येईनात. तिथंच उभी राहिले. एक इथं, एक तिथं, आणि पोरगी कुठं?

आतून आवाज आला, "आई, तू काऊन उभी राह्यली दारात? चपला काय पाहून राह्यली?"

मी तिला सगळं सांगितलं. तर ती लोटपोट हसली. "नमस्कार करून गेला का, असं म्हणले सर?" बाबांना सांगितलं, मैत्रिणींना सांगितलं. पुढं कितीतरी दिवस घरातून निघताना मला म्हणायची, "आई, माह्या चपलांना हात लावू नको, पुरावा हाय."



*

एकदा सर आम्हाला गाडीत घालून आर्वी रोडला घेऊन गेले. खऱ्या रस्त्यावर ब्रेकच्या खुणा कशा दिसतात ते दाखवायला. सूर्य वर आलेला, दोन्ही बाजूला तूर. सर मागं गाडीवाल्याशी बोलत थांबले आणि आम्ही तिघं पुढं चालत निघालो.

वळण घेतलं आणि थबकलो. कडेला एक मोटरसायकल आडवी. तिच्या पलीकडं पांढऱ्या धोतरानं डोक्यापासून झाकलेला माणूस. पावलं तेवढी बाहेर.

गुलाबभाऊ म्हणाले, "डमी हाय. सरायनं ठेवला असन."

रेखा मॅडम म्हणाल्या, "डमीले नखं नसतात."

 तिघांनाही घाम. पण शिकलेलं आठवलं. मी लांबून काढला. चार पावलं पुढं जाऊन मधून काढला. हातातला डबा इतका हलत होता की प्रत्येक फोटो दोनदा काढला. जवळच्या फोटोत माप कळावं म्हणून एक पट्टी ठेवायची असते, काळ्या-पांढऱ्या घरांची. ती रेखा मॅडमकडं होती. त्या हळूच वाकल्या आणि पट्टी तळपायाला लावून ठेवली.

अंगठा हलला.

रेखा मॅडमनी जी किंकाळी फोडली ती अजून माझ्या कानात आहे. गुलाबभाऊ डब्यासकट तुरीत शिरले. मी पळाले नाही. ते धीट आहे म्हणून नाही. माझे पाय उचललेच नाहीत.

धोतर बाजूला झालं. एक म्हातारबाबा उठून बसले. रात्रभर शेतात डुकरं हाकलून सकाळी उन्हात आडवे झाले होते. मोटरसायकलचं स्टँड तुटलं होतं म्हणून ती पण आडवी. त्यांनी आमच्याकडं पाहिलं, पट्टीकडं पाहिलं आणि म्हणाले, "काऊन वो बाई, गुदगुल्या काऊन करून राह्यल्या?"

इथपर्यंत आम्ही हा किस्सा हसत सांगतो. पुढचा भाग गुलाबभाऊ हळू आवाजात सांगतात. सर आले, आम्ही हसत होतो. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "याचा श्वास कोणी पाहिला होता?"

गुलाबभाऊ शर्टाला लागलेला तुरीचा पाला झटकायला लागले.

"हा झोपला होता म्हणून बरं. पडला असता आणि जिवंत असता तर तुम्ही लांबून, मधून, जवळून करत बसला असता. जिवंत माणूस आधी. त्याला उचला, दवाखान्यात पाठवा. फोटो त्याच्या नंतर. हे विसरलात तर मी शिकवलेलं सगळं विसरा."

आम्ही गाडीत बसायला लागलो. तर म्हातारबाबांनी मागून हाक मारली, "बाई, मले तो फोटो भेटन का?"

*

ट्रेनिंग संपलं आणि लग्नसराई आली. गुलाबभाऊंना रोहण्याजवळच एक लग्न मिळालं.

नवरदेव पाटावर बसला होता. गुलाबभाऊ आधी मांडवाच्या दारात गेले आणि तिथून एक काढला. मग मधल्या खुर्च्यांत येऊन एक काढला. मग नवरदेवाच्या चारी बाजूंनी, उजवीकडून, मागून, डावीकडून, समोरून. तोंडातून शब्द नाही. 'हसा' तर नाहीच, त्या शब्दाची त्यांनी धास्तीच घेतली होती. मग गुडघ्यावर बसून नवरदेवाच्या पावलांचा जवळून.

नवरदेव घाबरून बापाकडं पाहायला लागला. बाप आले, गुलाबभाऊंच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "भाऊ, लग्न हाय. पंचनामा नाई."

*

आमच्या घरीही हेच. एकदा माझ्या हातून तेलाची बरणी फुटली. मी फडकं घ्यायला वळले तर पल्लवीचे बाबा, ज्यांना धड दिसत नाही ते, खुर्चीतून म्हणाले, "थांब. आधी फोटो, मग पुसजो."

पल्लवी जेवत होती, तिला ठसका लागला.

तिचा डबा मी रोज बांधून देते. खराखुरा डबा, पोळी-भाजीचा. माझं एक जुनं हिरवं लुगडं होतं, पिवळ्या काठाचं. ते विरलं, तेव्हा त्याचे चौकोनी रुमाल कापले, डबा बांधायला. कॉलेजात पोरी तिला चिडवतात म्हणे, पण ती नेते. तो रुमाल स्कुटीच्या हुकाला लटकलेला गल्लीच्या टोकापर्यंत दिसतो. तो दिसेनासा झाला की मी आत येते. पूर्वी लगेच यायचे. ट्रेनिंगनंतर थोडी जास्त वेळ उभी राहायला लागले, एवढंच.

*

आता शेवटचा. हा चहाच्या टेबलावर कोणी मला सांगायला सांगत नाही. मीच आज सांगते.

थंडीचे दिवस होते. कापूस निघालेला. रस्त्यानं सगळीकडं कापसाच्या ट्रॉल्या आणि सकाळी असं धुकं की समोरचं घर दिसेना. पल्लवीला म्हटलं, आज बसनं जा. ती म्हणाली, "आई, बसच्या ड्रायव्हरले काय धुक्यात दिसते?" हेल्मेट घातलं आणि गेली. हिरवा रुमाल गल्लीच्या मध्यावरच दिसेनासा झाला.

मी स्टुडिओ उघडून झाडत होते. रेखा मॅडमचा फोन आला.

"ताई, डबा घेऊन लवकर या. नागपूर रोड, नाल्याच्या पुलाच्या अलीकडं. कापसाच्या ट्रॉलीले मागून स्कुटी धडकली."

स्कुटी म्हटल्यावर माझ्या हातातला झाडू पडला. मी विचारलं, "माणसं?"

"दोन पोरी होत्या. मी यायच्या आधीच लोकांनी गाडीत घालून सावंगीले नेल्या. मी पाह्यल्या नाई."

दोन पोरी. जीव भांड्यात पडला. पल्लवी एकटी जाते. दुसऱ्याच्या लेकीचं ऐकून आपला जीव भांड्यात पडावा याची लाज ऑटोत बसल्यावर वाटली. पण खरं ते खरं.

पुलाजवळ पोचले. रेखा मॅडम एकट्याच होत्या, शिटी वाजवत दोन्हीकडच्या गाड्या थांबवत होत्या. मी लांबून सुरू केलं. धुक्यात ट्रॉली, डोंगरासारखी भरलेली, रस्त्याच्या काळ्या भागात पूर्ण उभी. कडेला नाही. मागं लाल दिवा नाही, काही चमकणारं लावलेलं नाही. सगळ्या रस्त्यावर कापूस सांडलेला. आणि त्या पांढऱ्यात एक पांढरी स्कुटी आडवी. जिल्ह्यात पांढऱ्या स्कुटी किती असतील. लांबून सगळे अनोळखीच दिसतात. मी फोटो घेतला.

ट्रॅक्टरवाला हात जोडून माझ्याकडं आला. माझ्याच वयाचा, थंडीत घामानं ओला. "बाई, गाडी खराब झाली म्हणून उभी केलती. आता चालू झाली. साइडले घेतो ना, मागून ट्रक येऊन राह्यले."

रेखा मॅडम तिकडून ओरडल्या, "फोटो झाल्याबिगर चाक हलवायचं नाई."

मी पुढं गेले. मधला फोटो. डबा डोळ्याला लावला तर चौकटीत एक चप्पल आली, उलटी. आणि तिच्याजवळ, कापसात अर्धा बुडालेला, हिरव्या रुमालात बांधलेला जेवणाचा डबा. पिवळ्या काठाचा.

बोट दाबलं गेलं. कसं, ते मला माहीत नाही. तो फोटो आहे. हललेला नाही.

मी मोबाइल काढला आणि पल्लवीला लावला. माझ्या कानात रिंग जात होती. आणि समोर, पडलेल्या स्कुटीच्या डिक्कीतून, चिमण्यांची चिवचिव यायला लागली. तिच्या फोनची घंटी तशीच आहे. रेखा मॅडमनी आधी वर झाडाकडं पाहिलं. मग स्कुटीकडं. मग माझ्या कानाला लावलेल्या मोबाइलकडं.

"ताई?"

मी म्हटलं, "माझीच हाय."

त्या धावत आल्या, माझा दंड धरला. "तुम्ही जा सावंगीले. द्या तो डबा, मी काढते."

तेवढ्यात मागून ट्रकचा हॉर्न आला, अगदी जवळ. त्या हात वर करून तिकडं पळाल्या. त्यांच्याशिवाय ट्रक थांबवायला तिथं कोणी नव्हतं. आणि मी वळून पाहिलं तर ट्रॅक्टरवाला सीटवर चढलेला. त्यानं चावी फिरवली.

ट्रॉली एकदा कडेला गेली की ती आधीपासून कडेलाच होती असं होणार होतं. मग पोरगी कुठून आली, कशी आली, कोणाच्या चुकीनं, ते ती सांगणार होती का, ती सांगण्यासारखी उरली होती का, मला काही माहीत नव्हतं. तिला दवाखान्यात नेलं होतं. जिवंत माणूस आधी, ते लोकांनी केलं होतं. इथं मी उरले होते.

"भाऊ, खाली उतरा."

माझा आवाज एवढा निघतो हे मला माहीत नव्हतं. तो उतरला.

मी राहिलेले काढले. ट्रॉलीच्या मागची बाजू. चाकं आणि रस्त्याची कड, दोन्ही एका चौकटीत. मग खाली वाकून ब्रेकची खूण शोधली. कापूस जागचा हलवायचा नाही, म्हणून फुंकर मारायची पण सोय नव्हती, तशीच गुडघ्यावर बसून पाहत गेले. खूण नव्हती. म्हणजे तिनं ब्रेक दाबलाच नव्हता. तिला ट्रॉली दिसलीच नव्हती.

मग चप्पल. पट्टी काढायला खाली बसले आणि हात चपलेकडं गेला. उलटी होती. बोटं लागायच्या आत मागं घेतला. पट्टी ठेवली, एक फोटो काढला. पट्टी उचलली, एक काढला. नंबर प्लेट शेवटी. नंबर पाठ होता, तरी काढला.

उठले तर माझा मोबाइल वाजला. अनोळखी नंबर. मी तो तसाच हातात धरून राहिले. रेखा मॅडमनी येऊन बटण दाबलं आणि माझ्या कानाला लावला.

"आई, मी बोलून राह्यली. घाबरू नको. हात मोडला आणि हनुवटीले टाके पडले. स्वातीले फक्त खरचटलं. तिची बस चुकली होती ना, म्हणून फाट्यावरून मागं बसली होती. हा इथल्या सिस्टरचा फोन हाय. आई? ऐकून राह्यली ना?"

मी हो म्हटलं असावं.

"तू कुठं हाय?"

"स्पॉटवर."

 मागं दवाखान्यातली गडबड ऐकू येत होती. मग तिचा आवाज आला, रडका, पण तिचाच.

"आई, चपला लावल्या नाई ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही डबे घेऊन सावंगीला गेले. तिचे चार फोटो काढले. वॉर्डाच्या दारातून एक, पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून एक, टाक्यांजवळ पट्टी धरून एक, आणि पट्टी खाली ठेवून, 'हस' म्हणून, एक.